जलधारा अपार्टमेंटचं झाकण

“या शहराला बावन्न दरवाजे होते. काही पडले, काही पाडले. पण मी आज छातीठोक सांगतो, जोवर आपल्यात श्रीधरराव सेलूकरांसारखा एक जागता माणूस हाय, तोवर आपल्याला दरवाज्याची गरज नाय! असा माणूस म्हणजे चालताबोलता देवगिरीचा किल्ला!”

सव्वीस जानेवारीच्या सकाळी, झेंडा वर गेल्यावर आणि जिलबी यायच्या आधी, जलधारा अपार्टमेंटचे सचिव बद्रीनाथ गाडेकर असं बोलले. टाळ्या झाल्या. बद्रीनाथांनी शाल उलगडली, नारळ डाव्या हातात घेतला आणि मोठ्या अदबीनं ते सत्कारमूर्तींच्या खुर्चीकडे वळले.

खुर्ची रिकामी होती. चालताबोलता किल्ला गच्चीवर गेला होता. पाण्याच्या टाकीचं झाकण लागलंय का, ते बघायला.

“येतीलच,” श्रीधररावांच्या पत्नी अंबिकाबाई म्हणाल्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून त्या हेच म्हणत आल्या होत्या, त्यामुळं आवाजात काळजी नव्हती.

श्रीधरराव आलेही. खुर्चीपर्यंत पोचले, शाल बघितली, ओशाळं हसले, मग मान वर करून गच्चीकडे बघितलं आणि परत जिन्याकडे वळले. जिलबी आली, लोकांनी खाल्ली. शेवटी बद्रीनाथांनी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना गाठून जाता जाता शाल खांद्यावर टाकली. श्रीधररावांनी वाकून नमस्कार केला आणि ते शालीसकट वर गेले.

जलधारा अपार्टमेंट पडेगावच्या अंगाला आहे. चार मजले, आठ बिऱ्हाडं. हे नाव बिल्डरनं अगदी गंभीरपणे ठेवलेलं होतं. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. ते आधी खालच्या हौदात पडतं, मग मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि त्याच्यावर आठ घरं आठ दिवस काढतात. टाकीला लोखंडी झाकण, झाकणाला कडी, कडीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली श्रीधररावांच्या जानव्याला. हा माणूस नाहीतरी दिवसातून चाळीस वेळा वर जातो, हे सोसायटीच्या ध्यानात आलं तेव्हा सोसायटीनं सर्वानुमते ठराव करून त्यांना पाणीप्रमुख नेमलं होतं. आजारी माणसाला पद देण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त इथं पद मिळाल्यानं आजारालाही बळ आलं.

तसं बळ त्याला आधीही मिळत होतंच. श्रीधरराव एका परीक्षा मंडळाच्या गुणपडताळणी विभागात नोकरीला होते. एकेक बेरीज ते अकरा वेळा करायचे. साहेब म्हणायचे, “सेलूकरांच्या हाताखालून गेलं म्हणजे संपलं.” दर दोन-तीन वर्षांनी कर्तव्यदक्षतेचं प्रमाणपत्र मिळायचं. आजाराला अशी फ्रेम करून भिंतीवर लावता येणारी प्रमाणपत्रं मिळत गेली तर तो आजार आहे हे कळायला उशीर लागणारच. श्रीधररावांना तो पासष्टाव्या वर्षी कळला.

म्हणजे कळला होता आधीच. नाव कळलं नव्हतं.

व्हायचं ते असं. ते वर जायचे, झाकण ओढून बघायचे, कुलूप ओढून बघायचे, “लागलं” असं तोंडानं म्हणायचे आणि उतरायला लागायचे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्रश्न यायचा. कुलूप ओढलं खरं, पण ते आत्ता ओढलं की मघाशी? आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ चित्रं. झाकणाच्या फटीतून पाल आत गेलीय. पाणी नळातून आठ घरांत उतरलंय. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी गळ्यात बाटली अडकवून शाळेला निघालीय. मग आठही घरांतली माणसं ओळीनं आडवी, चेहऱ्यांसकट. आणि हे कुणामुळं? ज्याच्या जानव्याला किल्ली आहे त्याच्यामुळं. गंमत अशी (हा शब्द इथं बसत नाही, पण दुसरा हाताशी नाही) की हे सगळं खुळं आहे हे श्रीधररावांना पक्कं ठाऊक असायचं. खुळं आहे हे ठाऊक असून ते परत चढायचे. गुडघ्यांनी तक्रार केली तरी चढायचे. रोजच्या पायऱ्यांची बेरीज केली असती तर दिवसाकाठी एकदा दौलताबाद चढून उतरल्याचं पुण्य त्यांच्या खात्यावर पडलं असतं.

वर जाणं अगदीच अशक्य झालं की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे.

“अगं, लागलंय ना?”

“लागलंय.”

अंबिकाबाई दुसऱ्या मजल्यावर मेथी निवडत बसलेल्या असायच्या. त्या आयुष्यात कधी त्या टाकीपाशी गेल्या नव्हत्या. तरी त्यांनी “लागलंय” म्हटलं की श्रीधररावांना दोन मिनिटं बरं वाटायचं. दोन मिनिटं संपली की परत, “अगं...”

उपाय झाले होते. कुणी म्हणालं मन गुंतवा. मन गुंतलेलंच होतं, झाकणात. कुणी म्हणालं, खुलताबादला भद्रा मारुतीला पाच शनिवार चालत जा. पहिल्या शनिवारी ते दौलताबादच्या घाटापर्यंत पोचले, तिथं उभं राहून पडेगावच्या दिशेला बघितलं आणि मिळेल त्या रिक्षानं परत आले. मारुतीला काय वाटलं असेल याची काळजी पुढं आठवडाभर, ती वेगळीच.

फेब्रुवारीत वैदेहीचा फोन आला. वैदेही ही त्यांची एकुलती मुलगी, नाशिकच्या मंदारला दिलेली. तिला पाचवा महिना होता, एप्रिलमध्ये सातवा लागणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात अंबिकाबाईंच्या मते बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी डिंक, खारीक, आळीव आणायला टाकले होते, जुन्या लुगड्यांची दुपटीही शिवायला घेतली होती.

“आई, स्पीकरवर टाक,” वैदेही म्हणाली. “बाबांना ऐकू दे. बाबा, आहात ना?”

“आहे, आहे.” ते जिन्याकडे निघाले होते, थांबले.

“मी पाचवीत असल्यापासून शाळेत जाताना रोज तीनदा ‘लागलंय’ म्हणायचे. दप्तर पाठीवर, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि मी जिन्यात. बारावीच्या गणिताच्या पेपरला वीस मिनिटं उशिरा पोचले. आठवतं?”

आठवत होतं. तेव्हा भाड्याच्या घरात राहायचे, पण टाकी तिथंही होती.

“माझं बाळ पहिला शब्द ‘लागलंय’ शिकायला नको, बाबा. उपचार घ्या. मी एक डॉक्टर शोधून ठेवल्यात. फरक पडला असं आईनं सांगितलं तर मी येते बाळंतपणाला. नाहीतर आई इकडं येईल. आणि आली तर परत कधी पाठवीन, ते मी आत्ता सांगणार नाही.”

फोन बंद झाला. अंबिकाबाईंनी दुपट्यात सुई खोचून ठेवली आणि नवऱ्याकडं बघितलं.

“जाऊ या,” श्रीधरराव म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, “अगं, पण आत्ता लागलंय ना?”

डॉक्टर उजमा वैदेहीच्याच वयाच्या. दवाखाना लहान, बाहेर कुंडीत कोरफड, आत टेबलावर रुमालांचा डबा. श्रीधरराव बसायच्या आधीच म्हणाले, “डॉक्टर, हे सगळं खुळं आहे हे मला माहीत आहे.”

“काका, माहीत असतं तेच माझ्याकडं येतात. ज्यांना माहीत नसतं ते दुसऱ्यांना इथं आणून सोडतात. बसा.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाल, बाटली, ओळीनं आडवी माणसं. मध्ये एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडं मंत्रचळ म्हणतात. विचार येणं हा आजार नाही. मलापण येतो, दवाखाना उघडा टाकून आले म्हणून. येतो, चहा पिऊन जातो. तुमच्याकडं आलेला विचार मुक्कामाला राहतो, कारण तुम्ही त्याची सरबराई करता. तपासलं की दोन मिनिटं आराम पडतो ना? बस, तेच त्याचं जेवण. जेवला की परत भूक.”

“मग तपासायचं नाही?”

“नाही.”

“आणि पाल पडली तर?”

“पडू शकते.”

श्रीधरराव खुर्चीतून अर्धे उठले. “तुम्ही डॉक्टर आहात. ‘पडणार नाही’ असं म्हणायला पाहिजे तुम्ही!”

“ते तर काकू एकतीस वर्षं म्हणतायत. फरक पडला?”

श्रीधररावांनी शेजारी बघितलं. अंबिकाबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती. आपण एकतीस वर्षं औषध देतोय असं समजणाऱ्या बाईला, तुम्ही खुराक देत होता, असं सांगितल्यावर ती जशी बसेल तशा त्या बसल्या होत्या.

“काकू, आजपासून विचारलं तर ‘लागलंय’ म्हणायचं नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचं. एवढंच. रागानं नाही, लाडानं नाही.”

गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा गुण यायला दोन-अडीच महिने लागतील म्हणाल्या. आणि एक शिडी काढून दिली. खालची पायरी, झाकण एकदा बघून उतरायचं. मधली, दिवसभर वर जायचं नाही. सगळ्यात वरची, किल्ली दुसऱ्याला देऊन टाकायची आणि झाकण लागलंय की नाही हे न कळता जगायचं. प्रत्येक वेळी बेचैनी किती, त्याला शंभरपैकी गुण द्यायचे आणि वहीत लिहायचे.

गुण म्हटल्यावर श्रीधररावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “अगं, लागलंय ना?”

“माहीत नाही,” अंबिकाबाई म्हणाल्या, आणि घाबरून कणीक मळायला लागल्या.

श्रीधररावांच्या पायाखालची फरशी सरकली. चौऱ्याण्णव. ते सोफ्याचा हात धरून बसून राहिले. घाम आला, चिमुरडी बाटली घेऊन दोनदा जिन्यातून गेली. वीस मिनिटांनी बहात्तर. पाऊण तासानं चाळीस. आणि ते गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते चित्र आलं आणि न जेवता परत गेलं. अंबिकाबाईंनी शिरा केला, आणि दोघांनी तो न बोलता खाल्ला, कारण बोललो तर मोडेल असं दोघांनाही वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर उजमांनी वही उघडली. ताशीव अक्षर, लाल शाईच्या रेघा, पानाखाली बेरीज.

“काका, फारच सुबक आहे. पहिल्यांदाच लिहिलीत का अशी?”

“नाही. खाडाखोड झाली होती. ही चौथी वही.”

डॉक्टरांनी पेन उचललं आणि चार पानांवर आडव्यातिडव्या रेघोट्या मारल्या. “आता ही अशीच चालवायची. परत उतरवायची नाही.” श्रीधररावांनी ती वही मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तशी घरी नेली. शहाऐंशी गुण. पण उतरवली नाही.

मार्चअखेरीला गच्चीच्या चाळीस फेऱ्यांच्या अकरा झाल्या. वैदेहीनं फोनवर आईकडून आकडा दोनदा वदवून घेतला आणि म्हणाली, “बरं. मंदार मला एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी गाडीनं आणून सोडेल.” श्रीधररावांनी तो रविवार कॅलेंडरवर गोल करून ठेवला. गोल जरा वाकडा आला. त्यांनी तो वाकडाच राहू दिला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

एकच भानगड होती आणि ती दोघांनी डॉक्टरांपासून लपवली. “माहीत नाही” या शब्दांनी आता त्यांना बरं वाटायला लागलं होतं. दोन मिनिटं.

“अगं, लागलंय का?”

“माहीत नाही.”

“आज घाईत म्हणालीस.”

“माहीत नाही, अहो!”

“हं. आत्ताचं बरोबर होतं.”

सोसायटीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. बद्रीनाथ एका सकाळी येऊन सोफ्यावर टेकले.

“काका, आयकलं ते खरंय का? तुम्ही बरे व्हायलेत म्हणं?”

“प्रयत्न चालू आहे.”

“व्हा ना, नाय कोण म्हणतंय? पण टाकीचं काय? पावसाळ्यापत्तोर थांबता आलं नसतं का? ऐन उन्हाळ्यात बरं व्हायची काय घाई वो?”

“पोरीचं बाळंतपण आहे,” अंबिकाबाई आतून म्हणाल्या.

“मग तर पाणी लई लागंल, काकू!”

श्रीधरराव उठले. सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढलं. किल्लीची गाठ वर्षानुवर्षं घामानं घट्ट झाली होती, सुटता सुटेना. अंबिकाबाईंनी सुईनं सोडवून दिली. किल्ली बद्रीनाथांच्या तळहातावर श्रीधररावांनी दोन्ही हातांनी इतक्या जपून ठेवली की बद्रीनाथांना वाटलं, कन्यादान चाललंय.

“किती?” अंबिकाबाईंनी विचारलं.

“शंभर,” श्रीधरराव म्हणाले. मंडळाच्या नोकरीत त्यांनी कुणालाही इतके दिलेले पाहिले नव्हते.

आठ दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. सकाळी खाली फाटकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. छातीवर जानवं हलकं लागायचं, तर मधूनच हात तिथं जायचा. भागूबाई, भांड्याला यायच्या त्या, म्हणाल्या, “काकू, काकांचा चेहरा उजळला बगा.” नवव्या दिवशी शुक्रवार होता. नळाला पाणी आलं, हौद भरला, मोटार चालू झाली. तासाभरानं बद्रीनाथ मोबाईलवर बोलत बोलत टाकी किती भरली ते बघायला वर गेले, आणि बोलत बोलतच खाली आले.

दुपारी जेवण झाल्यावर श्रीधरराव आडवे झाले, आणि विचार आला: लागलं नाही. नेहमीसारखा, पोटातून, सगळ्या चित्रांसकट. ते उठून बसले. पाय खाली सोडले. मग डॉक्टर उजमांचं बोलणं आठवलं. हा पाहुणा आहे. याला जेवायला घालायचं नाही. अंबिकाबाईंना हाक मारावीशी वाटली, ती त्यांनी गिळली. अठ्ठ्याऐंशी. ते बसून राहिले. साठ. घड्याळाचा काटा बघत राहिले. तीस. मग बारा. मग अशी गोष्ट घडली जी पुष्कळ वर्षांत घडली नव्हती: दिवसाउजेडी, भरल्या टाकीखाली, श्रीधरराव सेलूकर यांना डोळा लागला. गाढ. अंबिकाबाई दारातून बघून गेल्या, आणि पंख्याचा वेग एकानं वाढवून गेल्या.

कबूतर साधारण त्याच सुमाराला पडलं असावं.

शनिवारी सकाळी भागूबाई घासणीचा हात तसाच धरून बाहेर आल्या. दुसऱ्या हातात करड्या रंगाचं काहीतरी होतं.

“काकू, नळातून पीस आलं वो.”

दहा वाजेपर्यंत आठही घरांतली माणसं गच्चीवर होती. झाकण उघडं होतं, कुलूप कठड्यावर ठेवलेलं होतं, किल्ली कुलपातच होती. टाकी रिकामी करावी लागली; आठ दिवसांचं पाणी पन्हाळीतून खाली गेलं आणि फाटकाबाहेरच्या धुळीत जिरलं. टँकरला मंगळवारशिवाय नंबर नव्हता. सगळे बद्रीनाथांकडं बघत होते. बद्रीनाथ पाण्याकडं बघत होते.

“चूक कुणाचीबी असू द्या,” शेवटी ते खाकरून म्हणाले, “पण मला इतकंच म्हणायचंय, काका असते तर हे झालं नसतं.”

यावर एकमत झालं. जलधारात एकमत दुसऱ्यांदा होत होतं, आणि दोन्ही वेळा श्रीधररावांवरच.

श्रीधरराव कठड्याशी उभे होते. लांब उन्हात देवगिरीचा डोंगर दिसत होता. त्यांना राग आला नाही, रडू आलं नाही. फक्त डोक्यात कुणीतरी शांतपणे म्हणालं, “बघितलंस?”

संध्याकाळपर्यंत ते एकोणीस वेळा वर जाऊन आले. टाकी तेव्हा कोरडी होती.

वैदेहीचा फोन आला. “उद्या निघतोय आई. बाबा कुठायत?”

जिन्यात पावलं वाजत होती. फोनमध्ये ती ऐकू जात होती की नाही, कोण जाणे.

“वर,” अंबिकाबाई म्हणाल्या.

वैदेही म्हणाली, “मग तूच ये, आई.”

सोमवारी दोघं डॉक्टर उजमांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, टेबलावर कोपरं टेकली.

“काका, कबूतर पडलं. ते पाणी रात्रभर आठ घरांनी वापरलं, प्यायलं. बरोबर?”

“बरोबर.”

“कोण मेलं?”

“कबूतर.”

“त्याच्याशिवाय?”

श्रीधररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “अजून कुणी नाही.”

डॉक्टरांनी त्या “अजून”कडं क्षणभर पाहिलं. “तुमची सगळ्यात मोठी भीती खरी झाली, आणि तरी तुम्ही इथं बसलात. हेच तर शिकायचं होतं. परत खालच्या पायरीपासून सुरू करू. होतं असं, काका. पुष्कळ जण दुसऱ्यांदा चढतात.”

“मला समजतंय,” श्रीधरराव म्हणाले. आणि खरंच समजत होतं. तो आजार त्यांना आता इतका समजला होता की परतीच्या रिक्षात त्यांनी तो रिक्षावाल्याला समजावून सांगितला: पाहुणा, सरबराई, जेवण, सगळं. रिक्षावाल्याला फार पटलं. त्याच्या मेहुण्याचं असंच होतं म्हणाला. पडेगाव आल्यावर श्रीधररावांनी समजावणं अर्ध्यात सोडलं आणि ते खाली उतरून थेट जिन्याकडं गेले. भाडं अंबिकाबाईंनी दिलं.

एक मे रोजी पुन्हा झेंडा वर गेला. या खेपेला बद्रीनाथांनी भाषण केलं नाही. शाल होती, नारळ होता, आणि नारळावर नव्या लाल गोफात ओवलेली किल्ली. आठ घरांतली माणसं बघत होती. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडीसुद्धा बाटली गळ्यात अडकवून बघत होती.

अंबिकाबाई हळूच म्हणाल्या, “नको म्हणा.”

श्रीधररावांनी ऐकलं.

“अहो, नुसतं नको म्हणा. मी वैदेहीला आत्ता फोन करते. टँकर लावू, काहीही करू. नको म्हणा.”

त्यांनी किल्लीकडं बघितलं. ती घेतली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टर उजमांइतकंच ठाऊक होतं. घेतली नाही तर काय होईल, तेही चेहऱ्यांसकट दिसत होतं. त्यांचा हात पुढं झाला. गोफ जानव्याला बांधताना त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, आणि ते सगळ्यांना दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिलबी गरम होती.

अंबिकाबाई दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसनं नाशिकला गेल्या. डिंकाचे लाडू, आळीव, दुपटी, सगळं बरोबर नेलं. कॅलेंडरवरचा वाकडा गोल तेवढा राहिला. श्रीधरराव त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले नाहीत. दोन तास टाकीपासून लांब राहणं जमण्यासारखं नव्हतं. फाटकापाशी त्यांनी पिशवी रिक्षात ठेवली. “परत कधी?” असं विचारायचं होतं. पण त्यांनी जे विचारलं ते वेगळंच होतं. अंबिकाबाईंनी समोर बघत “माहीत नाही” म्हटलं, आणि ते नक्की कशाचं उत्तर होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग रोजचे फोन सुरू झाले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दोनशे किलोमीटरवर बसलेल्या बाईला जलधाराच्या झाकणाचं खरोखरच माहीत नव्हतं, त्यामुळं निदान तिला खोटं बोलावं लागत नव्हतं. पुढं पुढं तिनं दुपारचा फोन उचलणं बंद केलं. डॉक्टर उजमांच्या दवाखान्यातून दोनदा विचारणा आली. श्रीधरराव म्हणाले, “पाऊस पडू द्या, मग येतो.” वही कपाटात गेली, रेघोट्यांसकट.

जूनच्या मध्यात एका सकाळी फोन वाजला. श्रीधरराव गच्चीवर होते, हात कुलपावर होता.

“अहो, ऐकताय का?” अंबिकाबाईंचा आवाज भरून आला होता. “मुलगी झाली. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी. दोघी छान आहेत. जावळ भरपूर आहे. आणि नाक... नाक तुमचं आहे हो.”

श्रीधरराव टाकीच्या चौथऱ्यावर बसले. कुलपावरचा हात आपोआप सुटला आणि डोळ्यांवर गेला. लांबवर डोंगर होता, तो पाण्यातून बघावा तसा हलत होता.

“वैदेही म्हणतेय बाबांना ऐकवा,” अंबिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन बाळापाशी धरला.

बाळ रडत होतं. चांगलं खणखणीत, पहिल्यांदाच जगाला हाक मारल्यासारखं. श्रीधरराव ऐकत राहिले. कितीतरी वेळ. त्यांना म्हणायचं होतं की मी येतो, उद्याच निघतो, किल्ली खाली फेकून देतो, पोरीला म्हणावं बाबांना माफ कर. हे सगळं एकदम ओठांशी आलं, आणि त्यातलं एकेक मागं सरत गेलं.

“ऐकलंत?” अंबिकाबाईंनी विचारलं. “अहो, बोला की काहीतरी. वैदेही इथं कान लावून बसलीय.”

“ऐकलं,” श्रीधरराव म्हणाले. नाक ओढलं, डोळे पुसले, कुलपाकडं एकदा बघितलं. “फार गोड आहे गं. फार गोड. अगं, झाकण लागलंय का?”

तिकडं काही क्षण नुसतं बाळाचं रडणं ऐकू येत राहिलं. मग त्यात मिसळून अंबिकाबाई काहीतरी दोन शब्द बोलल्या.

“एवढं एकदा परत म्हण ना,” श्रीधरराव अजिजीनं म्हणाले. “सावकाश म्हण. बाळाच्या रडण्यात नीट ऐकू आलं नाही.”